पुण्याची गाडी पकडण्याआधी : सोलापुरात काम शोधणाऱ्या नवख्यांसाठी

बारावी, आयटीआय किंवा बी.कॉम. झालं, निकालाचे पेढे संपले, की सोलापुरातल्या पोरापोरींपुढं साधारण तीन वाटा असतात. हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुणं गाठायचं, अभ्यासिकेत महिन्याची खुर्ची धरून सरकारी भरतीची वाट बघायची, नाहीतर ओळखीच्या कुणाच्या दुकानात 'तोवर' म्हणून बसायचं. यातली कुठलीच वाट वाईट नाही. पण बहुतेक जण ती निवडत नाहीत, मित्र गेला म्हणून तेही जातात.

मी गणवेश शिवणाऱ्या एका युनिटची हजेरी, पगारपत्रक आणि पीएफ बघतो. त्यामुळे काम मागणारे आणि काम देणारे दोघंही माझ्या टेबलापाशी येतात. सकाळी गेटवर एक मुलगा "नोकरी आहे का?" विचारतो, वॉचमन "नाही" म्हणतो. त्याच दुपारी मालक कावलेला असतो, कारण ओव्हरलॉकवरचा, म्हणजे कापडाच्या कडा शिवणाऱ्या मशीनवरचा, माणूस आलेला नाही आणि माल अडलाय. दोघांची गाठच पडत नाही. या लेखात सांगायचं आहे ते एवढंच : जागा कुठं निघाली हे विचारत फिरण्यापेक्षा कुणाचं काम अडलंय ते हुडका. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच्याच आहेत.

आकड्यांच्या भानगडीत फार पडू नका. सरकारी श्रमबल पाहणीत आठवड्याचा हिशेब मांडताना मागच्या सात दिवसांत एक तासभर जरी काम केलं असेल, तरी तो माणूस रोजगारात धरला जातो. म्हणजे मामाच्या दुकानात तासभर बसलेला भाचासुद्धा बेरोजगार नाही. त्यामुळं बेरोजगारीची टक्केवारी घसरली म्हणून आपलं भागणार नाही. रोजगार हमी ही महाराष्ट्राचीच कल्पना. १९७२ च्या दुष्काळात ती मोठ्या प्रमाणावर राबवली गेली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. पण ती हमी खडी फोडण्याची, तलाव खोदण्याची होती. पदवीधराला खुर्चीची हमी देणारा कायदा अजून झालेला नाही.

पायरी १ : कागद एका नावावर आणा

कंटाळवाणं आहे, पण पैसे इथंच अडकतात. आपल्याकडं घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि आधारवर इंग्रजी असा मामला असतो. शहराच्या पूर्व भागातल्या किती तरी तेलुगू पोरांचं आडनाव आधारवर आधी, दहावीच्या गुणपत्रिकेवर शेवटी, आणि बँकेत नुसतं एक अक्षर असं असतं. नोकरी लागेपर्यंत कुणी विचारत नाही. पुढं पीएफ काढायला गेलं की नाव जुळत नाही म्हणून अर्ज परत येतो, आणि तोवर जुनी कंपनी सोडून वर्ष झालेलं असतं. म्हणून आत्ताच दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरा. त्यावर जसं नाव आणि जन्मतारीख आहे तसंच आधार, पॅन आणि बँकेत करून घ्या. आधारला जोडलेला मोबाईल नंबर स्वतःचा हवा, वडिलांचा किंवा बंद पडलेल्या सिमचा नको.

दुसरी गोष्ट : बँक खातं आधारला 'लिंक' असणं वेगळं आणि सरकारी पैसे येण्यासाठी 'सीड' असणं वेगळं. योजनेचं विद्यावेतन सीड असलेल्या खात्यात जातं. तुमची तीन खाती असतील आणि सीड झालेलं खातं शाळेत शिष्यवृत्तीसाठी काढलेलं, आता बंद पडलेलं असेल, तर पैसे तिकडं धडकून परत जातात. आधारच्या संकेतस्थळावर हे दोन मिनिटांत दिसतं. सायबर कॅफेवाल्याला विचारायचीही गरज नाही.

मग महास्वयं पोर्टलवर नोंदणी करा. पूर्वी याच कामासाठी रोजगार विनिमय कार्यालयात रांग लागायची. आता त्याचं नाव जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. नोंदणीनं नोकरी मिळते असं समजू नका. पण रोजगार मेळावे आणि राज्याच्या योजना त्याच नंबरवर चालतात.

पायरी २ : गाव नव्यानं बघा

सोलापूर म्हटलं की चादर, आणि चादर म्हटलं की "आता काय राहिलंय त्यात?" हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की बघायचंच सोडून दिलंय. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी गेल्या. मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी पिढीही आता आजोबांची. यंत्रमागावरही माणसं कमी होतायत. साध्या मागावर एक कामगार दोन-चार माग सांभाळतो, रॅपियर, म्हणजे नवा वेगवान माग, आला की तोच माणूस त्याहून जास्त माग बघतो. हे थांबणारं नाही. नुसता माग चालवायला शिकून त्यावर तीस वर्षं काढीन असं कुणी सांगत असेल तर त्याला थांबवा.

पण रॅपियर बंद पडला तर दुरुस्त कोण करणार? माग दुरुस्त करणारे जॉबर म्हातारे झाले. इलेक्ट्रॉनिक पाटी (सर्किट बोर्ड) जळाली की बाहेरून माणूस येईपर्यंत माग उभा, आणि उभ्या मागाचं व्याज चालूच. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डवर (कापडात नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर) टॉवेलचं, वॉलहँगिंगचं डिझाइन संगणकावर करणारी मुलं मोजकी. चित्रकला बरी असलेल्या आणि कापडाची वीण समजून घेतलेल्या मुलीला हे काम घरच्या जवळ मिळू शकतं. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, पण ऑनलाइन विक्रीसाठी त्याच चादरीचा धड फोटो, बरोबर माप आणि दोन ओळींची माहिती लिहिणारं माणूस किती कारखान्यांत आहे? हेही अडलेलंच काम.

गणवेशाचं मी रोज बघतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. शाळा जूनमध्ये उघडतात, पण आमची धावपळ जानेवारी-फेब्रुवारीपासून चालू होते. कटिंग मास्टर, सिंगल नीडल, ओव्हरलॉक, काज-बटण, चेकिंग, इस्त्री-पॅकिंग अशी साखळी असते. नवखा माणूस पॅकिंगला किंवा धागे कापायला लागतो. तिथं वर्षभर बसलात तर वर्षानंतरही धागेच कापाल. जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या मशीनवर चिंध्या शिवून हात बसवलेल्या मुलीला मी पुढच्याच सीझनला पीस-रेटवर, म्हणजे नगामागं पैसे मिळणाऱ्या कामावर, जाताना बघितलंय. कॉलर आणि बाही जोडणं ज्याला सफाईनं जमतं त्याला मालक सोडत नाही. आणि कटिंगचा लेआउट संगणकावर टाकून कापड वाचवणाऱ्या माणसाला तर तो चहा स्वतः आणून देतो. आमच्याकडच्या बऱ्याच मुलींच्या आया घरी बसून विड्या वळतात. आईच्या सुपातली पानं मुलीनं पुढं चालवायची नाहीत हे त्या घरांनी कुठल्याही तज्ज्ञाच्या आधी ठरवलेलं आहे.

यंत्रकामाकडं या. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीत कॅमशाफ्टपासून रसायनांपर्यंत माल बनतो, आणि तो देशाबाहेरही जातो. तिथं फिटर, टर्नर, मशिनिस्ट, सीएनसी-व्हीएमसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनचे ऑपरेटर, केमिकल प्लांट ऑपरेटर लागतात. मुलाखतीत मोठे प्रश्न नसतात. हातात एक मायक्रोमीटर देतात आणि "वाच" म्हणतात. साध्या मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०१ मिमी, व्हर्नियरचा बहुधा ०.०२. आयटीआयची दोन वर्षं झालेली मुलंही इथं चाचपडतात, कारण वर्गात एकच मायक्रोमीटर आणि पोरं वीस. जुन्या वर्कशॉपात ओळख काढा, आठवडाभर जाऊन नुसतं माप घ्यायला शिका. ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, वाचता आला तर त्या दिवशीच्या रांगेत तुम्ही पुढं.

सोलर हे तर डोळ्यासमोर वाढतंय. आपल्याकडं ऊन फुकट आहे, तेवढं तरी नशीब. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती यंत्रणेला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं, शेतात सौर पंप बसतायत. बसवणारे बसवून जातात. सहा महिन्यांनी इन्व्हर्टर बोंबलला, पॅनलवर धुळीचा थर बसला, उंदरानं वायर कुरतडली की शेतकरी फोन लावत बसतो. मोहोळ, मंगळवेढा, सांगोल्याच्या एखाद्या इलेक्ट्रिशियननं वायरमनचा परवाना काढून पाच-पन्नास गावांची देखभाल धरली तर त्याला पुण्याला जायचं कारण उरणार नाही.

बाकीचं भराभर. दवाखाने : कलबुर्गी, विजयपूर, धाराशिवचे पेशंट सोलापूरला येतात, त्यामुळे जीएनएम झालेल्या नर्स, लॅब टेक्निशियन, ऑपरेशन थिएटरचे (ओटी) असिस्टंट यांना मागणी, त्यातही ज्याला कन्नड येतं त्याला आधी बोलावतात. बाजार समिती : कांद्याच्या मोसमात अडत्यांकडं हिशेब, बिलं आणि गाड्यांचा मेळ घालणारी चटपटीत पोरं लागतात. डाळिंब : केगावला राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, पण शिवारात प्रतवारी, पॅकिंग आणि फवारणीच्या नोंदी नीट ठेवणारी माणसं कमी. साखर कारखाने : गाळप सुरू असेपर्यंत काम, मग शुकशुकाट, बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र असेल तर कारखाना बंद झाल्यावरही ते दुसरीकडं चालतं.

भाषेचं जाता जाता वर आलं, पण ते आपलं भांडवल आहे. मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू या चारही भाषा सहज बोलणारी पोरं एका गल्लीत सापडतील असं गाव महाराष्ट्रात दुसरं दाखवा. कॉल सेंटर, विमा, ट्रॅव्हल्स, हॉस्पिटलचं रिसेप्शन, अक्कलकोट-पंढरपूर-तुळजापूरच्या यात्रेकरूंची सोय, सगळीकडं हे चालतं. आणि बायोडाटात आपण लिहितो काय? 'भाषा : मराठी, हिंदी, इंग्रजी.'

संगणकाचं आणि एआयचं भूत फार नाचवलं जातं. माझ्या टेबलावरून दिसतं ते असं : नुसतं टायपिंग, नुसती डेटा एंट्री, नुसती टॅलीत बिलं मारणं यावर पूर्वी एक मुलगी दिवसभर बसायची, आता ते काम तासात होतं. पण बिल चुकीचं आहे हे ओळखणारी, जीएसटीचं पत्र आलं तर उत्तर काय द्यायचं ते सीएला विचारून करून घेणारी, पार्टीला फोन करून थकबाकी काढणारी मुलगी अजून तिथंच आहे आणि तिचा पगार वाढलाय. क्लास लावताना हा फरक बघा. 'शंभर टक्के नोकरी' लिहिलेल्या फलकाखाली जाऊन विचारा, मागच्या बॅचची मुलं कुठं आहेत? दोन नंबर द्या, मी बोलतो. नंबर मिळाले नाहीत तर फी भरू नका.

पायरी ३ : शिकाऊ म्हणून आत शिरा

अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. हा पेच सोडवायला अप्रेंटिसशिप आहे आणि ती आपण फार कमी वापरतो. कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला ठरावीक प्रमाणात, म्हणजे अडीच ते पंधरा टक्के, शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. केंद्राच्या योजनेतून विद्यावेतनाचा काही भाग, महिना १५०० रुपयांपर्यंत, सरकार देतं. त्यामुळं "तुमच्याकडं अप्रेंटिसची जागा आहे का?" हा प्रश्न "नोकरी आहे का?" पेक्षा चांगला, एचआरवाल्याला त्याचं उत्तर द्यावंच लागतं.

दहावी आणि आयटीआय झालेल्यांनी मध्य रेल्वेच्या अप्रेंटिस भरतीवर डोळा ठेवावा. त्यात सोलापूर विभागात कुर्डुवाडीच्या वर्कशॉपचाही समावेश असतो, लेखी परीक्षा नसते, गुणांवर यादी लागते. वयाची अट साधारण १५ ते २४, म्हणून उशीर नको. शिवाय रेल्वेच्या लेव्हल १ (पूर्वीच्या ग्रुप डी) भरतीत अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांसाठी २० टक्के जागा राखीव असतात.

राज्याची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली. बारावीला ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार असं महिन्याचं विद्यावेतन. आधी मुदत सहा महिने होती, पुढं अकरा केली. माझं मत विचाराल तर ती नोकरी समजून जाऊ नका. ग्रामपंचायतीत खुर्चीवर बसून अकरा महिने काढलेला मुलगा बारावा महिना लागताच जिथल्या तिथं येतो. कारखान्यात, दवाखान्यात, लॅबमध्ये जागा मिळत असेल तर ती घ्या, भले लांब असो. आणि नवी भरती सध्या सुरू आहे का हे कार्यालयात जाऊन विचारा, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या लिंकवर नाही.

पायरी ४ : दारात जाताना

बायोडाटा एक पानी. वडिलांचा व्यवसाय, छंद, 'मी वरील माहिती खरी असल्याचे' वगैरे काढून टाका. वर नाव, चालू नंबर, राहण्याचा भाग. त्याखाली काय काय येतं ते कामाच्या भाषेत : 'सीएनसीच्या फॅनुक कंट्रोलवर जॉब सेटिंग पाहिलेलं आहे', 'ओव्हरलॉक चालवता येतं', 'टॅलीत जीएसटी बिलं, कन्नड बोलता येतं'. दुचाकी आणि परवाना असेल तर लिहा. चिंचोळीला दुसऱ्या पाळीला जायचं असतं तेव्हा मालक पहिलं हेच विचारतो.

मोठ्या गेटवर बायोडाटा टाकून येण्यापेक्षा दहा-वीस माणसांच्या युनिटमध्ये जा. सकाळी नको, तेव्हा हजेरीचा गोंधळ असतो. दुपारी चारच्या चहाला जा. सुपरवायझरला म्हणा : "दोन दिवस ट्रायल द्या, जमलं तर ठेवा." ट्रायल दोन-तीन दिवसांची रास्त. पंधरा दिवस फुकट राबवून घेऊन "बघतो" म्हणणाऱ्याकडून उठा.

ओळखीची लाज वाटू देऊ नका. पण ओळख सांगायची पद्धत असते. "काका, मला कुठंतरी चिकटवा" म्हटलं की काका वैतागतात. "काका, तुमच्या शेजारच्या युनिटमध्ये कटिंगला माणूस लागतो का तेवढं विचाराल का?" म्हटलं की काका विचारतात. काकांनाही काहीतरी ठोस लागतं.

पायरी ५ : भरतीची तयारी करत असाल तर

पोलीस भरती, एसआरपीएफ (राज्य राखीव पोलीस दल), तलाठी, एमपीएससी. सोरेगावच्या एसआरपी कॅम्पाजवळनं पहाटे जा, रस्त्याकडेला पळणारी पोरं दिसतील. त्यांच्या कष्टाबद्दल कोण काय बोलणार? फक्त दोन गोष्टी सांगतो. एक, शेवटची तारीख आत्ताच ठरवा आणि घरात सांगा : अमुक भरतीपर्यंत, किंवा वयाच्या अमुक वर्षापर्यंत. तारीख न ठरवलेला अभ्यास पस्तिशीपर्यंत जातो, हे टिळक चौकातल्या चहावाल्यालाही माहीत आहे. दुसरं, अर्धा दिवस काम करा. सकाळी मैदान, दुपारी चार तास काम, संध्याकाळी अभ्यास. क्लास परवडत नसेल तर बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या मोफत प्रशिक्षणाच्या जाहिराती बघा. ज्याच्या त्याच्या प्रवर्गाप्रमाणे संस्था आहे.

पायरी ६ : पुण्याचा हिशेब

जायचं तर खुशाल जा. पण कागदावर मांडून जा. समजा चाकणला हातात सोळा हजार येणार. कॉट बेसिसवर (खोलीतली एक खाट) तीन हजार, मेस साडेतीन, नाष्टा-चहा-मोबाईल दोन, कंपनीची बस नसेल तर हजार, महिन्यातून एकदा गावाकडं यायचं म्हटलं की आणखी हजारभर. राहिले साडेपाच. सोलापुरात घरी राहून अकरा हजार मिळाले, घरात चार दिले आणि वरखर्चाला दोन लागले, तर पाच राहतात. म्हणजे नुसत्या पैशासाठी गेलात तर फरक पाचशेचा.

मग जायचं कशासाठी? जे इथं शिकायला मिळत नाही ते शिकायला. रोबो वेल्डिंग, मोठ्या कंपनीची क्वालिटी सिस्टीम, ईव्हीचं काम, सॉफ्टवेअर. ते मिळत असेल तर साडेपाचाचे तीन राहिले तरी जावं. ठेकेदारामार्फत पॅकिंगलाच लागणार असाल आणि सात महिन्यांनी कामावरून ब्रेक मिळणार असेल, तर ते काम अक्कलकोट रोडलाही आहे. निघण्याआधी हे तीन प्रश्न फोनवर विचारा : पगार हातात किती, पीएफ कुणाच्या नावानं भरणार, मशीनवर घेणार की नाही?

पायरी ७ : स्वतःचं काही

कर्जाच्या योजना खूप आहेत, म्हणून आधी योजना आणि मग धंदा असं उलटं होतं. धंदा आधी लहान चालवून बघा. कडक भाकरी आणि शेंगा चटणीचंच घ्या. ज्वारीची भाकरी पातळ थापून, भाजून कडक केली की बरेच दिवस टिकते. चटणीचे दाणे भाजून तेल सुटेपर्यंत कुटायचे. हे आपल्या आया-मावशांना येतं. धंदा अडतो तो पुढं. पार्सलमध्ये भाकरीचा चुरा होतो. चटणीचं तेल पाकिटातून पाझरून लेबल पुसतं. लेबलवर वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरायचं आणि फूड नोंदणीचा नंबर लागतो, तो नसतो. आणि हिशेबात दाणे, मिरची, लसूण, गॅस, पाकीट सगळं धरतात, कुटणारीची मजुरी तेवढी धरत नाहीत, कारण ती घरचीच. दुकानदाराचं कमिशन वजा झालं की राहिलेला 'नफा' हीच तिची मजुरी असते. पंधरा-वीस गिऱ्हाइकं तिसऱ्यांदा मागवतायत असं दिसलं की मग योजनेकडं वळा.

अन्नप्रक्रियेच्या छोट्या उद्योगाला पीएमएफएमई योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान आहे. चौकशी कृषी विभागाकडं. इतर उद्योगांसाठी पीएमईजीपी आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम. चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात. पीएमईजीपीत खुल्या गटाला शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के, महिला, मागासवर्गीय आणि इतर विशेष गटांना २५ आणि ३५ टक्के अनुदान. शिंपी, लोहार, गवंडी, चांभार अशा १८ व्यवसायांसाठी पीएम विश्वकर्मा : प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार, आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, मग २ लाख कर्ज. तारण नसेल तर मुद्रा कर्ज, शिशु गटात ५० हजारांपर्यंत.

कर्जमेळाव्याच्या स्टेजवरून न सांगितलेली गोष्ट अशी : उद्योग केंद्र अर्ज पुढं पाठवतं, कर्ज बँकेचा मॅनेजर देतो. मोबाईलच्या हप्त्यात सिबिल (कर्जफेडीचे गुण) बिघडलेलं असेल तर तिथंच गाडी अडते. आणि पीएमईजीपीचं अनुदान हातात येत नाही. ते बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतं, धंदा चालू दिसला तरच कर्जात वळतं होतं. "अनुदान काढून देतो, एवढे टक्के माझे" म्हणणारा एजंट भेटला तर चहा पिऊन निघा. उद्यम नोंदणीलासुद्धा एक रुपया लागत नाही.

पायरी ८ : पहिला पगार, आणि फसवणूक

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. नेमणुकीचं पत्र आता प्रत्येक कामगाराला द्यायचं असतं. ते मागताना संकोच नको. मालक हसला तरी मागा. पीएफ २० किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी, ईएसआय (कामगार विमा) १० किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी लागतो. पगारातून पीएफचे १२ टक्के आणि ईएसआयचे ०.७५ टक्के कापले जातात. ईएसआय महिना २१ हजारांपर्यंतच्या पगाराला. कापले म्हणजे भरले असं नाही. दोन महिन्यांनी मोबाईलवर पीएफ पासबुक उघडा, मालकाचा वाटा जमा दिसतो का बघा. दिसत नसेल तर आधी हिशेबवाल्याला सांगा. कधी कधी खरोखर यूएएनचा (पीएफच्या कायम नंबरचा) घोळ असतो. मग पीएफ कार्यालय. नोकरी बदलली तरी यूएएन तोच ठेवा, दुसरा काढून देतो म्हणणाऱ्याला थांबवा. डिलिव्हरी, ओला-उबर, घरकाम, बांधकाम अशा कामात असाल तर ई-श्रम कार्ड काढून ठेवा.

फसवणुकीचे प्रकार फिरून फिरून तेच : रजिस्ट्रेशन फी, गणवेशाचे पैसे, मेडिकलचे पैसे, विमानतळावर नोकरी, रेल्वेत 'मागच्या दारानं'. हल्लीचा नवा प्रकार म्हणजे घरबसल्या डेटा एंट्री. करारावर सही घेतात, काम संपलं की "चुका निघाल्या, दंड भरा" म्हणून वकिलाच्या नावानं नोटीस पाठवतात. घाबरून भरू नका. टेलिग्रामवर 'रेटिंग द्या, पैसे कमवा' हे तर सरळ जाळं आहे. पैसे गेले तर तासाभरात १९३० ला फोन करा. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. मूळ गुणपत्रिका कुणाच्याही ताब्यात देऊ नका, ठेवून घेणारा मालक कितीही देवमाणूस असो.

कुठल्या महिन्यात कुणाकडं

ऑक्टोबर-नोव्हेंबरला गाळप सुरू होण्याआधी साखर कारखान्यांकडं. डिसेंबरपासून कांद्यासाठी बाजार समितीत. जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, उरकला की गारमेंटवाल्यांकडं. मार्चनंतर गेलात तर शिकवायला कुणाला सवड नसते, नुसतं धावपळीला घेतील आणि जूनच्या शेवटी सोडतील. आषाढीच्या आधी पंढरपुरात लॉज आणि हॉटेलांकडं. उन्हाळ्यात सोलर आणि एसी दुरुस्तीवाल्यांकडं, कारण मे महिन्यात सोलापुरात एसी बंद पडला की गिऱ्हाईक हात जोडतं. आणि यातलं काहीच जमलं नाही, हातात हुन्नर नाही असं वाटत असेल तर दहावीच्या निकालानंतर आयटीआयच्या प्रवेशफेऱ्या सुरू होतात. वेल्डर, वायरमन, शिवणकाम, कोणता ट्रेड मिळतोय ते बघा. पहिल्या फेऱ्यांत नंबर लागला नाही तरी शेवटी रिकाम्या जागांची फेरी होते, तेव्हा संस्थेच्या फलकासमोर स्वतः जाऊन उभे राहा.